सव्वातीन मिलिमीटर

जुबैलला हल्ली दर शुक्रवारी
मी टेबलावर बसून पाइप वाकवतो.
बाहेर शमाल सुटलेला असतो. केबिनच्या फटीतून
बारीक वाळू येते आणि बसते
डिंकाच्या बाटलीच्या झाकणावर.

एकतीस वर्षं फिटर. आता गुडघे शिडी चढत नाहीत,
म्हणून साहेबांनी हे काम दिलं:
आपलं सात नंबरचं युनिट, एकास पन्नास,
रिसेप्शनमध्ये काचेखाली ठेवायला.
सहा इंची लाइन म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची सळी.
जी चढवायला क्रेन लागली, दोन रिगर लागले,
ती मी चिमट्यात धरतो
आणि फुंकर मारून धूळ उडवतो.

सळीला घाई चालत नाही.
थंड वाकवली तर कोपऱ्यावर पांढरी पडते,
मग ती रंगानंही झाकत नाही.
ज्योतीवर धरली तर लोंबते, फुगते, वास मारते.
मेणबत्तीच्या वर चार बोटं, फिरवत राहायची,
कातीच्या दोरीला पीळ देतात तशी,
आणि हाताला कळतं, आता.
डोळ्याला नंतर कळतं.
जाड मार्करच्या बुडाशी टेकवून वळवायची,
नव्वद हवे असतील तर त्र्याण्णव.
सोडली की ती थोडी मागे जातेच.
रजा संपवून आलेला माणूस आठवडाभर जातो, तशी.

वाफेची रुपेरी, पाण्याची हिरवी, आगीची लाल.
व्हॉल्व्हजवळ एक प्लास्टिकचा माणूस उभा केला,
साडेतीन सेंटिमीटरचा,
चाकापर्यंत हात पोचतो का बघायला.
पोचतो.
खऱ्या जागी पोचत नव्हता. आम्ही पत्र्याचा डबा घेऊन चढायचो.

तिसऱ्या शुक्रवारी पंपाच्या मागची लाइन आली.
ड्रॉइंगमध्ये सरळ. रॅकवरून खाली, थेट फ्लँजवर.
मी सळी कापली, सरळच कापली, आणि थांबलो.

ती सरळ नाही.
बशीर हमदुलेनं खांबाच्या चुकीच्या बाजूनं माप घेतलं होतं.
दाभोळचा बशीर, ज्याची टेप कधी चुकली नाही,
त्याला त्या दुपारी घरून फोन आला होता.
कसला, ते त्यानं सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.
संध्याकाळी पाइप लोंबत होता फ्लँजपासून दीड फूट बाजूला,
आणि खाली बशीर, हेल्मेट हातात.
फोरमन रोडेल म्हणाला, चहा घ्या सगळे.
रात्रीत पंचेचाळीसचे दोन एल्बो बसवले,
पहाटे वेल्डरनं मास्क वर केला तेव्हा
कुणीच काही बोललं नाही.
टेस्टचं पाणी टिकलं. एक्स-रे पास झाला.
ड्रॉइंग सुधारायचं राहून गेलं.
अठरा वर्षं त्यातून तेल जातंय,
त्याला वळसा खुपत नाही.

दीड फूट म्हणजे नऊ मिलिमीटर.
मी मेणबत्ती पुन्हा पेटवली.

इंजिनियर शेरीफ, नवा, कैरोचा,
काचेला नाक लावून म्हणाला, हे ड्रॉइंगमध्ये नाही.
म्हटलं, साइटवर आहे.
हसला तो. कागद गुंडाळून घेतला आणि भर दुपारी चालत गेला.
तासाभरानं आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला,
भुवयांवर मीठ.
पाणी प्यायला. दुसरा पेला प्यायला.
मग खिशातून पेन्सिल काढून
ड्रॉइंगवरची सरळ रेघ खोडली
आणि विचारलं, कोणी केलं हे?
म्हटलं, आम्ही.

रात्री फोटो पाठवला बशीरला.
तो आता दाभोळात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, ऐकू कमी येतं.
दोन दिवस काही नाही.
मग बारा सेकंदांचा आवाज आला, मागे कुणाचा तरी हातोडा,
आणि बशीर ओरडून, जणू मी अजून रॅकवर आहे
आणि तो खाली उभा आहे:
वळण आखडून घेतलंस रे,
दीडपट घ्यायचं असतं. परत कर.